आता की नंतर? : यवतमाळ जिल्ह्यातील घरबांधणी आणि अग्रक्रमाचा प्रश्न

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यात घरबांधणीचा हंगाम जवळजवळ ठरलेला असतो. कापसाची वेचणी आटोपून तुरीचे पैसे हाती आले की पाया खोदण्यास आरंभ होतो आणि मृग लागण्यापूर्वी डोक्यावर छप्पर यावे यासाठी घाई सुरू होते. नोकरदार वर्गाचे घर पिकावर अवलंबून नसते. तरी उन्हाळी सुट्टी, मुलांच्या परीक्षा आणि वास्तुशांतीचा मुहूर्त यांमुळे त्यांचेही बांधकाम याच चार-पाच महिन्यांत येते. या अल्प अवधीत कुटुंबाला असंख्य निर्णय घ्यावे लागतात. खोल्या किती, दार कोणत्या दिशेला, हे प्रश्न सर्वांच्या लक्षात असतात. त्यांहून अवघड असा एक प्रश्न मात्र कोणी स्पष्टपणे विचारीत नाही : हातात असलेल्या रकमेतून काय आता करावयाचे आणि काय नंतरसाठी ठेवावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा दिसणे आणि न दिसणे यांवरून दिले जाते. गृहप्रवेशाच्या दिवशी पाहुण्यांना दिसेल ते आधी, जमिनीत किंवा भिंतीत गाडले जाईल ते मागाहून, असा क्रम नकळत ठरतो. शहराच्या कोणत्याही नव्या ले-आऊटमध्ये फेरफटका मारला असता नक्षीदार लोखंडी फाटक, दर्शनी ग्रॅनाइट आणि दिवाणखान्यातील पीओपीचे छत आढळते. त्याच घरात दोन वर्षांनी पाण्याच्या नळीसाठी नव्या टाइल्स फोडल्या जात असल्याचेही आढळते. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्यातील माती, पाणी, हवामान आणि आर्थिक परिस्थिती यांच्या संदर्भात या अग्रक्रमाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. वास्तुशास्त्र या नावाने प्रचलित असलेल्या दिशाविचाराचा येथे संबंध नाही.

खणांचे घर आणि काँक्रीटचे घर

हा प्रश्न आजच्या स्वरूपात पूर्वी नव्हता. वऱ्हाडातील जुने घर खणांत मोजले जाई. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर आढे आणि कवेलू अशी त्याची रचना असे. भिंती मातीच्या असत आणि छपराचा भार मुख्यतः खांबांवर असे. मुलाचे लग्न ठरले, बैलजोडी वाढली किंवा एखाद्या वर्षी कापूस बरा झाला, की आणखी एक खण वाढविला जाई. जुने काढून नवे जोडण्यासाठी फारसे काही फोडावे लागत नसे. निघालेले लाकूड आणि कवेलूही पुन्हा कामी येत. जिल्ह्यातील कोलाम समाजाची कुडाची घरे तर याहून लवचीक असत. बांबूच्या तट्ट्यांवर माती-शेणाचा गिलावा दिलेली भिंत एका दिवसात हलविता येते. अशा घरात 'नंतर' या शब्दाला फारशी किंमत मोजावी लागत नसे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील बापू कुटी हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. ती मुळात मीराबेन यांची झोपडी होती. महात्मा गांधी तेथे राहावयास आल्यानंतर गरजेप्रमाणे तिच्यात फेरबदल होत गेले.

या घरांचा गौरव करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे, भिंती लिंपणे, उधईने पोखरलेला खांब बदलणे हे श्रम, विशेषतः स्त्रियांचे श्रम, त्या लवचीकतेची किंमत होते. पक्क्या घराची ओढ केवळ प्रतिष्ठेपोटी निर्माण झाली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

काँक्रीटच्या घराने हे श्रम वाचविले. पण त्याबरोबर निर्णयाचे स्वरूपच बदलले. स्लॅब ओतण्याचे काम एका दिवसात होते आणि त्या दिवशी स्लॅबमध्ये जे टाकले गेले नाही ते पुढे सहजी टाकता येत नाही. पंख्याच्या हुकाची पेटी राहून गेली तर छताला छिद्रे पाडावी लागतात. जिन्यासाठी जागा सोडली नसेल तर वरचा मजला बाहेरून लोखंडी जिन्याने गाठावा लागतो. खणांच्या घरात चूक दुरुस्त होत असे. काँक्रीटच्या घरात ती घट्ट होते.

निर्णयाचे गणित

एखादी गोष्ट नंतर करण्यात नुकसानच असते असे नाही. पैसा फुकट नसतो. गृहकर्जाचा व्याजदर वार्षिक नऊ टक्के धरला, तर आज खर्च केलेले १०,००० रुपये आठ वर्षांत चक्रवाढीने जवळजवळ २०,००० रुपये होतात. म्हणजे जी वस्तू आठ वर्षांनी लागणार आहे आणि त्या वेळी २०,००० रुपयांपेक्षा कमी खर्चात बसविता येणार आहे, ती आजच बसविणे हा तोट्याचा व्यवहार होय. ती वस्तू पुढे लागेलच याची खात्री नसेल, तर आज करण्याचे समर्थन आणखी दुबळे होते. जिची गरज पडण्याची शक्यता निम्मीच आहे, तिच्यावरील पुढील खर्चही हिशेबात निम्माच धरावा लागतो.

परंतु 'नंतरचा खर्च' म्हणजे केवळ त्या वस्तूची पुढील किंमत नव्हे, ही बाब बहुधा नजरेआड होते. त्यात फोडण्याचा खर्च, पुन्हा बुजविण्याचा खर्च, न जुळणाऱ्या टाइल्स, घरात राहत असताना सोसावी लागणारी धूळ आणि एका छोट्या कामासाठी मिस्त्रीची पाहावी लागणारी वाट हे सर्व येते. भिंतीच्या आतील एका नळीची किंमत बांधकामाच्या वेळी काही शे रुपये असते. तीच नळी नंतर टाकताना तिच्या किमतीला काही अर्थ उरत नाही, कारण खर्च नळीचा नसून भिंतीचा असतो. काही गोष्टी तर कोणत्याही किमतीला नंतर करता येत नाहीत. भिंतीतून चढणारी ओल अडविणारा जोत्यावरील थर, पायाचा आकार आणि खोली, खालची जमीन भरण्यापूर्वी करावयाचा उधईप्रतिबंधक उपचार या त्या गोष्टी होत. उधईसाठी नंतर फरशीला छिद्रे पाडून औषध सोडता येते. पण त्याची पहिल्या उपचाराशी बरोबरी होत नाही.

याच्या उलट काही वस्तू काळाबरोबर स्वस्त किंवा निरुपयोगी होत जातात. इ. स. २००० च्या सुमारास बांधलेल्या अनेक घरांत प्रत्येक खोलीत दूरध्वनीची तार भिंतीतून नेलेली आहे. मोठ्या हौसेने केलेली ती सोय आज मृत आहे. केबल टीव्हीच्या तारांचीही तीच गत झाली. त्या वेळी ज्यांनी तारेऐवजी थोडी रुंद, रिकामी नळी आणि तिच्यात ओढण्यासाठी एक बारीक लोखंडी तार सोडली, त्यांना पुढे इंटरनेटची तार नेताना भिंत फोडावी लागली नाही. या साध्या उदाहरणात प्रस्तुत प्रश्नाचे निम्मे उत्तर सामावलेले आहे. आता की नंतर, या दोन पर्यायांच्या मध्ये एक तिसरा पर्याय असतो : वस्तू नंतर, वाट आता.

काळी माती : जेथे 'नंतर' नाही

यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे आणि या खडकाच्या झिजेतून बनलेली काळी, कापसाची माती ही त्याची ओळख आहे. शेतकऱ्याला जी माती वरदान आहे तीच घर बांधणाऱ्याची परीक्षा घेते. तिच्यातील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात पडणाऱ्या भेगा सर्वांनी पाहिलेल्या असतात. त्याच भेगा घराच्या पायाखालीही पडत असतात, एवढेच की त्या दिसत नाहीत. दरवर्षी वर-खाली होणाऱ्या जमिनीवर उथळ पाया ठेवला तर भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या चिरा जातात. या चिरा सिमेंटने भरल्या तरी पुढच्या पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात त्या पुन्हा उघडतात.

त्यामुळे पायाच्या बाबतीत अग्रक्रमाचा प्रश्न उद्भवतच नाही. काळा थर जेथे तीन-चार फुटांवर संपून मुरूम लागतो, तेथे मुरमापर्यंत जाणे आणि खणलेल्या खड्ड्यात काढलेली काळी माती पुन्हा न भरता मुरूम भरून ठोकणे हा सर्वसाधारण उपाय होय. थर खोल असेल तेथे खाली फुगीर कंद असलेल्या काँक्रीटच्या खुंट्यांचा पाया घेतात. भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात त्याची पद्धती दिलेली असून खोल काळ्या मातीत अशा खुंटीची लांबी किमान साडेतीन मीटर असावी असे त्यात म्हटले आहे. घराभोवती पाणी मुरू नये म्हणून करावयाची उतरती फरसबंदी मात्र बरीच कुटुंबे 'अंगणाचे काम' समजून पुढे ढकलतात. वस्तुतः ती अंगणाची नसून पायाची रक्षणव्यवस्था आहे आणि पहिल्या पावसाळ्यापूर्वी होणे आवश्यक आहे. पायालगत गळणारी सांडपाण्याची नळी किंवा भिंतीला खेटून लावलेले कडुनिंबाचे रोप हीदेखील मातीतील ओलाव्याचा तोल बिघडविणारी कारणे होत.

वरचा मजला भविष्यात घ्यावयाचा असेल तर पायाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. बहुसंख्य मध्यमवर्गीय कुटुंबे 'मुले मोठी झाली की वर बांधू' या विचाराने तळमजला बांधतात. तो विचार खरा असेल तर पाया आणि खांब दोन मजल्यांच्या भाराचे आजच घ्यावे लागतात; तो केवळ मनाचे समाधान असेल तर तेवढे लोखंड आणि सिमेंट जमिनीत अडकवून ठेवण्याचे कारण नाही. कुटुंबाने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरविण्याची ही बाब आहे आणि अभियंत्याला ते स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे. पायाचा खर्च एका मजल्याचा आणि आशा दोन मजल्यांची, ही तडजोड सर्वांत धोक्याची होय.

या आशेचे दृश्य चिन्ह म्हणजे गच्चीवर खांबांतून वर आलेल्या सळया. जिल्ह्यात अशा सळयांची घरे गावोगाव आहेत. पुढील खांबाची सळई जुन्या सळईला जोडताना तिच्या व्यासाच्या सुमारे ५० पट लांबी एकमेकींवर यावी लागते; १२ मिलिमीटरच्या सळईसाठी ती ६०० मिलिमीटर होते. पण दहा-बारा पावसाळे उघड्यावर काढलेली सळई गंजून तिचा व्यासच कमी होतो आणि गंज काँक्रीटच्या आत उतरू लागतो. सळया सोडावयाच्याच असतील तर त्यांवर सिमेंटचे दाट पाणी लावून कच्च्या, सहज फोडता येणाऱ्या काँक्रीटने त्या झाकून ठेवाव्यात. याचा खर्च किरकोळ असतो. तरीही असे केलेले घर क्वचितच पाहावयास मिळते.

पाण्याचा प्रश्न आणि स्लॅबची तारीख

२०१७ चा पावसाळा अपुरा झाल्यामुळे २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने तीव्र पाणीटंचाई अनुभवली. शहराला पाणी पुरविणारी निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली आणि नागरिकांना टँकरवर विसंबावे लागले. त्या उन्हाळ्याचा घरबांधणीशी दुहेरी संबंध आहे.

पहिला संबंध स्लॅबशी. काँक्रीट वाळल्याने घट्ट होत नाही. पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने ते घट्ट होते. भारतीय मानक ४५६ : २००० नुसार साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस ओले ठेवावे लागते. राखमिश्रित सिमेंट आज सर्रास वापरले जाते; त्यासाठीही किमान मुदत दहा दिवसांची असून ती चौदा दिवसांपर्यंत वाढविण्याची शिफारस आहे. पारा ४२-४४ अंशांवर असताना आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असताना ही अट पाळणे किती कठीण आहे हे सांगावयास नको. सकाळी टाकलेले पाणी दुपारपर्यंत उडून जाते. येथे खरा प्रश्न वस्तूचा नसून तारखेचा आहे. पाण्याची खात्री नसेल तर जोते आणि भिंती उन्हाळ्यात करून स्लॅब पावसाळ्यानंतर टाकणे शास्त्रीय दृष्ट्या अधिक योग्य होय. भाड्याच्या घराचे आणखी चार महिने त्यासाठी मोजावे लागतात. पण पहिल्या दोन आठवड्यांत न मिळालेले पाणी स्लॅबला पुढे कितीही पाजले तरी गमावलेली ताकद पूर्णपणे भरून येत नाही. मुहूर्तासाठी मे महिन्यात टँकरच्या भरवशावर स्लॅब ओतणाऱ्यांनी किमान वाफे करून पाणी तुंबविण्याची आणि वर ओली पोती अंथरण्याची व्यवस्था आधी करावी.

दुसरा संबंध साठवणीशी. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. छत ६० चौरस मीटर, वर्षाचा पाऊस ९०० मिलिमीटर आणि हाती येणारा भाग ८० टक्के धरला, तर ४३,२०० लिटर पाणी होते. एवढे सगळे साठविणे कोणाला परवडणारे नाही. पण पाच जणांच्या कुटुंबाला पिण्यास आणि स्वयंपाकास माणशी पाच लिटर धरले, तर रोज २५ लिटर आणि पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांना ६,००० लिटर पुरतात. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल हौदात ते मावतात.

या हिशेबाला केळापूर, झरी-जामणी, घाटंजी या भागांत वेगळेच महत्त्व प्राप्त होते. तेथील अनेक ठिकाणच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि अन्य स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. फ्लोराइड उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याची तीव्रता वाढते. दातांवरील डाग आणि हाडांची विकृती हे त्याचे परिणाम होत. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड नगण्य असते. अशा गावात बांधल्या जाणाऱ्या घरात पाण्याच्या हौदाला फाटकाच्या मागे क्रमांक देणे म्हणजे मुलांच्या हाडांपेक्षा फाटक महत्त्वाचे मानणे होय. हौद लगेच शक्य नसेल तरी छताचा उतार एकाच बाजूस देणे, पन्हाळी व उतरत्या नळ्या तेथेच आणणे, पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडण्याची तोटी बसविणे आणि हौदाची जागा मोकळी राखणे एवढे आज करावेच. मात्र काळ्या मातीत हौद पायालगत घेऊ नये. तो गळला तर पायाला धोका पोहोचतो.

घरकुलाचे घर

आतापर्यंतचे विवेचन ज्यांच्या हाती काही निवड आहे अशांचे झाले. जिल्ह्यातील फार मोठ्या वर्गाचे घर शासकीय अनुदानातून उभे राहते. १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने घेतली. त्यात किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपये असे मान ठरविण्यात आले. शौचालयाचे १२,००० रुपये आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी त्यास जोडण्यात आली. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी या राज्याच्या योजना आहेत. कोलाम समाजासारख्या अतिअसुरक्षित जमातींसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात घराला २,००,००० रुपये देण्याची तरतूद झाली. २०२५ मध्ये राज्य शासनाने ग्रामीण घरकुलाच्या अनुदानात ५०,००० रुपयांची भर घातली; त्यांपैकी ३५,००० बांधकामासाठी आणि १५,००० छतावरील सौर संचासाठी आहेत.

येथे अग्रक्रम कुटुंब ठरवीत नाही, हप्ता ठरवितो. रक्कम बांधकामाच्या टप्प्यानुसार मिळते. म्हणून जोते दाखविणे, भिंती दाखविणे आणि छप्पर दाखविणे हा क्रम अटळ असतो. ज्याचे छायाचित्र निघत नाही त्याला हप्ता नाही. ओल अडविणारा थर, भिंतीभोवतीची फरसबंदी, अर्थिंग ही कामे त्यामुळे मागे पडतात. गावात सिमेंट, लोहा आणि रेती यांचे भाव वाढले की अनुदान जोत्यातच संपते आणि भिंती सावकाराच्या किंवा कृषी केंद्राच्या उधारीवर चढतात. अशा कुटुंबाला 'दूरदृष्टी ठेवा' असे सांगणे सोपे आहे. अधिक उपयोगी आहे ते कमी पैशात पुढची वाट मोकळी कशी ठेवावी हे सांगणे.

पहिले उदाहरण छपराचे. स्लॅबला पैसे पुरत नसतील तर टिनाचे छप्पर टाकून पुढे स्लॅब करण्याचा बेत असतो. पण टिनासाठी भिंती बहुधा कमी उंचीच्या आणि कमी जाडीच्या उचलल्या जातात आणि मग पुढे स्लॅब येऊच शकत नाही. त्याऐवजी भिंती पूर्ण जाडीच्या व स्लॅबच्या उंचीच्या घेऊन त्यांवर काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावा आणि टिन त्यावर तात्पुरते टाकावे. घर छोटे राहील. पण त्याला पुढे जाता येईल. वर्धा येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने शंकूच्या आकाराच्या मातीच्या नळ्या एकमेकींत बसवून कमानदार छत उभारण्याची पद्धत विकसित केली आहे. तीत लोखंड लागत नाही आणि घर टिनापेक्षा थंड राहते. कारागीर मिळेल तेथे हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण शौचालयाचे. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवावयाचा आणि पहिल्यातील मैल्याचे खत होऊ द्यावयाचे, अशी रचना असते. पैशाअभावी अनेकांनी एकच खड्डा केला. तो भरल्यावर शौचालयाचे सरपणघर झाल्याची उदाहरणे गावोगाव मिळतात. दुसरा खड्डा चार वर्षांनी केला तरी हरकत नाही. मात्र दोन वाटांचा छोटा चेंबर आणि दुसऱ्या खड्ड्याची जागा आजच हवी. गाडगेबाबांच्या विदर्भात एवढी गोष्ट तरी मिस्त्रीला पटवून द्यावी लागू नये.

कुलर, सौर संच आणि रिकाम्या नळ्या

विदर्भातील घराचा विचार कुलरशिवाय पूर्ण होत नाही. मार्च संपता संपता तो खिडकीत येतो आणि पावसाळ्यापर्यंत तेथेच राहतो. असे असूनही घराच्या नकाशात त्याला जागा नसते. मग खिडकीबाहेर लोखंडी घोडी ठोकली जाते, विजेची तार दुसऱ्या खोलीतून ओढली जाते आणि पाणी बादलीने भरावे लागते. खिडकीखाली बाहेरच्या बाजूस काँक्रीटचा छोटा ओटा, शेजारी अर्थिंगसह विजेचा बिंदू, एक तोटी आणि पाणी काढून टाकण्याची नळी या चारही गोष्टी बांधकामाच्या वेळी अल्प खर्चात होतात. कुलर बाहेरची कोरडी हवा आत लोटतो. ती जाण्यास समोर खिडकी किंवा झरोका नसेल तर खोली थंड न होता दमट होते. वातानुकूलन यंत्र मात्र आज घेण्याचे कारण नाही. त्यासाठी वेगळ्या जाड तारेची नळी आणि भिंतीतून बाहेर जाणारे उतरते भोक ठेवले म्हणजे पुरे.

सौर संचाची बाब याच प्रकारची आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती संचाला एक किलोवॅटसाठी ३०,०००, दोनसाठी ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटसाठी कमाल ७८,००० रुपये अनुदान ठेवण्यात आले. संच कधीही बसविता येतो; त्यासाठी एक किलोवॅटला साधारणतः दहा चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते. आज आवश्यक आहे ते एवढेच : गच्चीवरील पाण्याची टाकी आणि जिन्याचे छत्र दक्षिणेकडे न घेता उत्तरेकडे घेणे, म्हणजे पटलांवर सावली पडणार नाही, आणि गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामी नळी व अर्थिंगची जागा सोडणे. घरकुलधारकाची स्थिती वेगळी आहे. त्याच्या १५,००० रुपयांची सांगड संचाशी असल्यामुळे त्याने तो छपराबरोबरच विचारात घ्यावा आणि टिनाखालील लोखंडी पाइप त्या वजनाचे आहेत ना, हे आधी पाहावे.

जेथे उशीर हिताचा असतो

काही कामे पैसे असूनही लांबवावीत. जोत्यातील भराव पहिल्या पावसाळ्यात दबतो. काळ्या मातीच्या परिसरात तर जमीन एक पूर्ण ऋतुचक्र पाहिल्याशिवाय स्थिरावत नाही. गृहप्रवेशापूर्वी बसविलेल्या महागड्या टाइल्स दुसऱ्या वर्षी पोकळ वाजू लागतात त्याचे कारण बहुधा टाइल्स नसून खालचा भराव असतो. पहिले वर्ष सिमेंटच्या कोब्यावर काढून टाइल्स पुढच्या वर्षी बसविणे यात कमीपणा काही नाही. रंगाचेही तसेच. नव्या गिलाव्यातील ओल आणि क्षार बाहेर पडू देण्यासाठी पहिल्या वर्षी चुन्याची सफेदी पुरते. त्यावर घाईने दिलेला महाग रंग पोपडे धरतो. लाकडी कपाटे, स्वयंपाकघरातील सजावट, बाग यांच्या गरजा घरात सहा महिने राहिल्यावरच नेमक्या कळतात. ओटा कोणत्या उंचीचा हवा हे कागदावर ठरविणारा बहुधा स्वयंपाक करीत नसतो.

आणि या सर्व गाडलेल्या वाटांचा उपयोग त्या कोठे आहेत हे ठाऊक असेल तरच होतो. नळ्या टाकल्यानंतर आणि गिलावा होण्यापूर्वी भिंतीला मोजपट्टी लावून प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत. स्लॅब ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी सळयांची आणि नळ्यांचीही घ्यावीत. पाण्याच्या नळ्यांत दाब भरून त्या रात्रभर तशाच ठेवाव्यात आणि सकाळी दाब उतरला आहे का हे गिलावा करणाऱ्याच्या आधी पाहावे. ती छायाचित्रे, पायाचा नकाशा, सोडलेल्या रिकाम्या नळ्यांची यादी आणि दुसऱ्या शोषखड्ड्याचे माप खरेदीखताच्या पिशवीत ठेवावे, कारण वरचा मजला बांधावयास येणारा मिस्त्री बहुधा वेगळा असतो आणि त्या वेळी घरात विचारण्यासारखे माणूसही वेगळे असू शकते.